वहिनीवरचा पहारा

दादाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा वहिनीला ती तहान लागली. दिवसभरात ती एकटीच माठ रिकामा करायची आणि सारखी परसात जायची. कापूस वेचतानाही तिचे पाय घागरीकडे वळायचे. "कामचुकारपणा आहे, नाटक करून राहिली ते," माय म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

सौंसरच्या डॉक्टरांनी साखर तपासली. ती निघाली नाही, म्हणून त्यांनी पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून पाणी बंद ठेवायचं आणि दर तासाला लघवी तपासायची. पाणी मिळालं नाही की चांगलं मूत्रपिंड अंगातलं पाणी राखतं, लघवी पिवळी, घट्ट होते. पण एक घोटही पोटात जायला नको. घरचं कोणीतरी सोबत बसा."

मायनं मला पाठवलं. "नजर ठेवजो तिच्यावर," ती म्हणाली. तेव्हा मी कॉलेजात होते.

सकाळी वहिनीचं वजन केलं आणि आम्ही बाकावर बसलो. ती संडासात गेली की मी दाराशी उभी राहून नळाचा आवाज येतो का ते ऐकायचे. तिचे ओठ सुकले होते.

"बाई, नुसती गुळणी करू द्या," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

चौथ्या तासाला तपासणाऱ्या माणसानं लघवीत तिचा घट्टपणा मोजायची आकड्यांची काचेची नळी तरंगवली. रंग पाण्यासारखाच आणि आकडाही सकाळचाच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाईनं पाणी पेलं असन."

मध्ये पाच मिनिटं मी समोरच्या हॉटेलात गेले होते, स्वतः पाणी प्यायला. डॉक्टरांना मी ते सांगून टाकलं, आणि वर म्हटलं, "तेव्हा पेली असन तर मले माहीत नाही."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. "म्या नाही पेलं, बाई. पण तुम्ही कायले मानान?"

डॉक्टरांनी तिला पुन्हा काट्यावर उभं केलं. वजन दीड किलोनं उतरलं होतं.

"पाणी प्यायली असती तर एवढं उतरलं असतं का?" ते मला म्हणाले. "पाणी हिच्या अंगात थांबतच नाही. आता द्या हिला पाणी."

मी ग्लास भरून दिला. तिनं तो माझ्या हातून घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं." तिनं नुसती मान हलवली.

नागपूरला निदान पक्कं झालं, मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारं संप्रेरकच तिच्या अंगात कमी पडत होतं, आणि नाकात घ्यायचं औषध सुरू झालं. आठवडाभरात तिची तहान आटोक्यात आली. मायनं नाटक हा शब्द पुन्हा काढला नाही, पण चुकलं असंही कधी म्हटलं नाही. वहिनी माझ्याशी नीटच वागत राहिली. एकटीनं कुठे जायचं असलं, की मात्र ती मला आधी सांगून जायची, कुठे चालली आणि किती वेळात येईल ते. मी तिला कधीच विचारलेलं नसायचं.