उंबरठ्याबाहेरचे डॉक्टर

किस्से शोधायला मला घराबाहेर जावं लागत नाही. आमगावात बाबांचा दवाखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. मधे एक पडदा. अलीकडे मी भूमिती सोडवत बसते आणि पलीकडून किस्से आपोआप येतात. चारचौघांत मी फारसं बोलत नाही, म्हणून ते साचतात. आज थोडे सांगूनच टाकते!

आधी अडचण सांगते. ताप, खोकला, विंचू सगळं बाबांकडे येतं. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टर? नावच नको! तिथे राज्य सर्जाबाई दाईचं. म्हणून बाबांनी तिलाच पार्टनर केलं. ती आत, बाबा उंबरठ्याबाहेर. दोघांना घोर होता तो शेजारच्या शेवंतावहिनीचा. तिची दोन बाळं बारशाआधीच गेली होती आणि आता पुन्हा दिवस राहिले होते.

*

वहिनीला तिची सासू पार्बताबाई दवाखान्यात घेऊन आली. वहिनी पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. प्रश्न तिला, उत्तरं सासूची.

"पोटात बाळ हलतं का?"

"हलते ना जी! काऊन नाही हलणार?"

"अहो, पण तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या घरात मले न इचारता काय हलते?"

पदराआड वहिनी खुदकन हसली. "चला, पेशंटचा आवाज तरी ऐकला!" बाबा म्हणाले.

*

घरोघरी बाळाची नाळ विळ्याने कापत. त्यातूनच धनुर्वात होतो, हे बाबा सांगून थकले. शेवटी त्यांनी सर्जाबाईला नवी कात्री दिली आणि ती दर वेळी उकळून घ्यायला शिकवलं.

एका घरी कात्री चुलीवर ठेवून ती बाळंतिणीकडे गेली. परत येऊन बघते तर पातेल्यात लाखोरीची डाळ!

"हे कोणं टाकलं वो?"

घरची म्हातारी शांतपणे म्हणाली, "पाणी तं उकळूनच राहिलं होतं. तुझ्या कात्रीनं अशी किती जागा घेतली?"

कात्री पुन्हा उकळली. डाळ चांगली शिजली होती म्हणे!

*

बाळाचं वजन करायचं म्हटलं की आया बाळ पदराखाली झाकत. दृष्ट लागते ना! "लेकरू का धान होय जी, मोजाले?"

तोड सर्जाबाईने काढली. वजन नाही करायचं, बाळाची तुला करायची! व्यापाऱ्याचा मोठा तराजू आणला. एका पारड्यात टोपलीतलं बाळ, दुसऱ्यात धान. तेवढं धान देवाच्या नावानं दाईला दान. आयांची रांग लागली! बाबांना वजन मिळालं, सर्जाबाईला धान.

तेव्हापासून ती घरोघर सांगत फिरते, "पहिलं दूध फेकू नोको वो, पाज! पोट्टं जड झालं पायजे!"

*

वहिनीची वेळ भर दुपारी आली. आईने मला गरम पाणी घेऊन पाठवलं, म्हणून मी त्यांच्या अंगणात होते. बाबा ओट्यावर बसून होते. सर्जाबाई दारात आली. चेहरा उतरलेला.

"लेकरू अडलं जी. माझ्या हातचं नाही राहिलं. आत या."

पार्बताबाईने दोन्ही हात पसरून दार अडवलं. "माणूस आत नाही जाणार!"

"या वेळी बाळासोबत वहिनीही दगावतील," बाबा हळूच म्हणाले.

ती हलली नाही. तेवढ्यात आतून वहिनी ओरडली. सासूसमोर, म्हणजे तिच्या मामीजींसमोर, आवाज न काढणारी वहिनी! "मामीजी, येऊ द्या त्यांले!"

पार्बताबाईने दोरीवर वाळत घातलेलं आपलं लुगडं ओढलं आणि बाबांच्या डोक्यावर टाकलं.

"पदर घ्या," ती म्हणाली. "नीट घ्या!"

बाबांनी मुकाट्याने पदर घेतला आणि आत गेले.

बऱ्याच वेळाने बाळ रडलं.

बारशाला नुसत्या बायकाच असतात, पण पार्बताबाईने बाबांनाही बोलावून घेतलं. ते अवघडून दाराशी बसले. वहिनीच्या मांडीवर बाळ टकटक बघत होतं. पार्बताबाई तबक घेऊन ओळीने हळदकुंकू लावत आली. सर्जाबाई, आई, मग मी. मग ती बाबांसमोर थांबली. आम्हाला वाटलं, आता नमस्कार करणार.

"वाका जी," ती म्हणाली.

बाबा वाकले. तिने त्यांना हळदकुंकू लावलं आणि हातात चोळीचा खण ठेवला.