एकदाच विचारणारं शहर

सरोजिनीताईंवर मी एकदाच मनापासून चिडले, तेही त्या अगदी बिनचूक फ्रेंच बोलल्या तेव्हा.

ताई नागपूरच्या. ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवलेल्या. त्यांच्या यजमानांना, मोहनदादांना, कॅनडात मॉन्ट्रियलला विमानाच्या इंजिनांच्या कंपनीत नोकरी लागली आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी सगळं सोडून त्या इथे आल्या. आमची ओळख आंबेडकर जयंतीच्या तयारीत झाली. मी पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. नऊ वर्षं इथे काढूनही माझं फ्रेंच बेकरीत पाव मागण्यापलीकडे गेलेलं नाही. त्यामुळे ताईंच्या फ्रेंचबद्दल बोलायचा मला काडीचा अधिकार नाही, तरी बोलते.

इथला सगळा कारभार फ्रेंचमध्ये, म्हणून नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी फ्रेंच वर्गाला त्या रोज सकाळी मेट्रोने जात. घरात फ्रिजवर, आरशावर, कणकेच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठ्या चिकटवलेल्या. नव्याण्णवला फ्रेंच लोक ‘चार विसा आणि एकोणीस’ म्हणतात हे कळल्यावर अख्ख्या वर्गाने कपाळाला हात लावला. एकट्या ताई खूश. “दीपा, यांनी भाषेतच गणित भरून ठेवलं ना गं!”

बाहेर मात्र त्यांची गाडी अडायची. दुकानात कुणी काही विचारलं की त्या मनात वाक्य जुळवेपर्यंत समोरचा सरळ इंग्रजीवर यायचा. त्याचा त्यांना फार अपमान वाटे. “बावीस वर्षं पोरांना गप्प बसवलं, आता मीच गप्प बसून राहिली,” असं त्या हसत म्हणायच्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या विंटरमध्ये माझ्या मुलीच्या, अक्षराच्या, शाळेत गृहपाठाच्या तासाला व्हॉलंटियर हवे होते. मी ताईंचं नाव दिलं. मंगळवार आणि गुरुवार. मुलं त्यांचं फ्रेंच सुधारायची, त्या मुलांचे अपूर्णांक. महिन्याभरात ताई ताठ चालायला लागल्या. बर्फात पाय घसरला तरी ताठ. मला तर त्यांच्याकडे बघूनच बरं वाटायचं.

जूनमधल्या एका गुरुवारी मी अक्षराला आणायला गेले, तर मुख्याध्यापिका मादाम गान्यों ताईंशी बोलत होत्या. सप्टेंबरपासून हीच जागा पगारी होणार होती. तुम्ही घ्याल का, असं त्यांनी विचारलं. एवढं मलाही समजलं. ताईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आणि त्या म्हणाल्या, “नाही नाही, मादाम. माझं फ्रेंच कुठे तेवढं चांगलं!” सगळं वाक्य फ्रेंचमध्ये, न अडखळता.

मादामनी मान डोलावली. “समजलं. पुढच्या शुक्रवारी जाहिरात लावते मग.” आणि त्या गेल्या. ताई खांद्याला पर्स लावून तशाच हसत उभ्या.

“येईल ना गं ती? पुन्हा विचारेल ना?”

मी तिथेच तडकले. “ताई, जयंती कमिटीची सेक्रेटरी व्हा म्हणून आम्ही चार वेळा विनवलं, तेव्हा कुठे तुम्ही हो म्हणालात. ती काय पंगतीत आग्रह करकरून वाढतेय तुम्हाला? इथे नाही म्हणजे नाही!”

“पण पहिल्यांदाच हो म्हणायचं म्हणजे हावरटपणा दिसतो ना, बाई.”

त्या आठवड्यात त्यांनी मला रोज फोन केला. तूच मादामना सांग, थोडा आग्रह करा म्हणून. मी साफ नकार दिला. मला त्या शिक्षिका म्हणून हव्या होत्या, पण ते त्यांनी स्वतःच मागायला हवं होतं, आणि त्यासाठी मी दुष्ट व्हायला तयार होते. मंगळवारी त्या मादामच्या दारापर्यंत गेल्या आणि बूट झटकून परत आल्या. जूनमध्ये बुटांना काय लागलं होतं, देव जाणे.

गुरुवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. शाळेच्या पायऱ्यांवरून ताई बोलत होत्या.

“सांगितलं मी. मला ही जागा हवी आहे, असंच म्हटलं. तिनं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.”

“मग?”

“मग म्हणाली, त्या दिवशी नाही का म्हणालात? मी म्हटलं, तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून. तर काय गं, म्हणाली, आमच्याकडे नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा. सप्टेंबरपासून या म्हणाली.”

मी मीटिंगमध्ये आहे हे विसरून ओरडले. पलीकडून मात्र रडण्याचा आवाज आला.

“अहो ताई, आता काय झालं?”

“काही नाही गं. पीएचडीचं आठवलं. मी सव्वीसची होते. सरांनी विचारलं होतं, करतेस का. मी म्हटलं, नको सर, मला कुठे जमते. आणि घरी जाऊन वाट पाहिली.” त्यांनी नाक ओढलं. “दीपा, नागपुरातही कोणी पुन्हा नव्हतं विचारलं.”