दोघांनाही हो म्हणणारा मेंबर

गल्लीच्या तोंडाशी एका खुर्चीचं सलून आहे. त्याच्या मालकाला सगळे मेंबर म्हणतात, कारण गेल्या निवडणुकीत तो नगरपालिकेवर निवडून आला. बायको मात्र पूर्वीसारखंच "अहो" म्हणते आणि पूर्वीसारखंच ऐकत नाही.

तो निवडून कसा आला हे कोडं फक्त हरलेल्या उमेदवाराला पडलं. बाकीच्यांना ठाऊक होतं की मेंबर कोणालाच नाही म्हणत नाही. ही धंद्याची सवय. ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालायचा नसतो. गिऱ्हाईक तावातावाने मान हलवायचं आणि रक्त निघालं की नाव आपलं. त्यामुळे कोणी काहीही बोलो, मेंबरचं उत्तर ठरलेलं, "हो ना, बरोबर आहे." गावात उकाडा वाढलाय म्हणणाराही बरोबर आणि पूर्वी याहून जास्त होता म्हणणाराही बरोबर.

मग गल्लीमागच्या मोकळ्या मैदानाचा विषय निघाला. तिथे एका बिल्डरला नऊ मजली इमारती बांधायच्या होत्या आणि परवानगीचा ठराव सभेपुढे येणार होता.

मैदानाला लागूनच गुरुजींचं घर. गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सलूनची जागाही त्यांचीच. गालाला फेस लागला की त्यांचं सुरू व्हायचं.

"माझ्या ओसरीवर ऊन शोधायला कंदील घ्यावा लागेल बघ. गटारं आत्ताच तुंबतात. तू विरोध करशील ना?"

"हो ना, गुरुजी. बरोबर आहे."

त्याच संध्याकाळी त्याच खुर्चीत बसड्रायव्हर बसला. बायकोला दिवस गेलेले आणि घरमालकाने खोली खाली करायला सांगितलेली.

"अख्ख्या गावात भाड्याने खोली मिळेना, मेंबर. घरंच नाहीत तर मिळणार कुठून? तुम्ही हात वर कराच."

"हो ना, बरोबर आहे."

दोघांनाही त्याने मनापासून हो म्हटलं होतं, हीच तर पंचाईत.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ड्रायव्हर अर्ध्या दाढीवर होता, तेवढ्यात गुरुजी आले. बाकावर बसून त्यांनी पेपर उघडला आणि पेपरामागूनच विचारलं, "काय रे, उद्या विरोध करतोयस ना?"

ड्रायव्हरने डोळे उघडले. "विरोध? मला तर हात वर करतो म्हणालेत."

पेपर खाली आला. आरशातून दोन चेहरे मेंबरकडे बघत होते. आरशाचा हाच वाईटपणा, पाठ फिरवली तरी तोंड दिसतं.

"बोल की," गुरुजी म्हणाले.

"दोघांनाही हो म्हणालोय," मेंबर म्हणाला.

"म्हणजे उद्या एक हात वर, एक खाली?" ड्रायव्हरने विचारलं.

गुरुजी उठले. "माझी दाढी राहू दे. उद्या काय करतोस ते बघतो. मग कोणाकडे करायची ते ठरवीन."

दुपारी जेवायला बसल्यावर मेंबरचा घास तोंडाशी जाईना.

"गुरुजी जागा काढून घेतील असं वाटतंय का?" बायकोने विचारलं.

"तसे नाहीत गं ते. पण परत खुर्चीत बसलेच नाहीत तर?"

तिने भांडी आवरता आवरता सांगितलं, "आपण इथे आलो तेव्हा ट्रंकेवर बसून होतो स्टँडवर. गुरुजींनी पुढची खोली दिली. पडद्यापुढे खुर्ची, पडद्यामागे संसार. गल्लीतल्यांनी तेव्हा त्यांना काय काय ऐकवलं, आठवतंय? रिकामटेकडी जमतील, घराघरात केस उडतील."

"आणि गुरुजींनी पहिली दाढी स्वतः करून घेतली."

"त्याच्या आधी दाराला जाळी लावून घेतली तुमच्याकडून. ते विसरलात. आपल्याला ठेवलं आणि गल्लीचंही ऐकलं."

मेंबरने पहिला घास तोंडात घातला.

सभेत अर्धे मेंबर नऊ मजल्यांच्या बाजूने बोलले, अर्धे एकही वीट नको म्हणाले. सगळे बोलून दमल्यावर नगराध्यक्षाबाईंनी विचारलं, "तुम्ही कोणाकडून?"

"नऊ मजल्यांना माझं नाही," तो उभा राहून म्हणाला. "आणि काहीच नको, यालाही नाही. घरं व्हावीत, पण जाळी लावून."

आयुष्यातला पहिला नकार, तोही लागोपाठ दोनदा. जाळीचं कोणालाच कळलं नाही, तेव्हा त्याने उलगडून सांगितलं. चारच मजले. आधी गटारं, मग पाया. गल्लीकडची पट्टी चालायला मोकळी. आणि काही घरं भाड्यानेच द्यायची. बरीच वादावादी झाली, पण ठराव तसा बदलून मंजूर झाला. बिल्डरने तोंड वाकडं केलं आणि परवानगी घेतली.

ड्रायव्हर पेढे घेऊन आला. गुरुजींचा बाक मात्र रोज सकाळी रिकामाच राहिला. दुसरं गिऱ्हाईक तिथे बसलं तरी मेंबरला तो रिकामाच दिसायचा.

मग एके दिवशी गुरुजी आले. गालावर पांढरे खुंट वाढलेले. दुसऱ्या कोणाकडे गेलेच नव्हते. येऊन खुर्चीत बसले.

"सकाळचं ऊन जाईल माझं."

"हो ना..." मेंबर सवयीने म्हणाला आणि थांबला. "थोडं जाईल, गुरुजी. सगळं नाही."

"जाळीचं तुला आठवलं?"

"घरातून आठवण झाली."

"वाटलंच." गुरुजींनी हनुवटी वर केली. "इमारत उभी राहायला वेळ लागेल. तोवर त्या ड्रायव्हरला म्हणावं, माझी मागची खोली बघून जा. पाळणा टांगायला वरती कडी आहे. आणि बस रात्री दाराशी लावायची नाही, हे आधीच सांग."

मेंबरने फेस लावला, वस्तरा उचलला. गुरुजी डोळे मिटून, मान वर करून निवांत बसले होते.