पायदळातला डावा बूट

माझे थोरले बंधू आणि मी बूट दुरुस्तीच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसत असू. लष्कराचे झिजलेले बूट तेथे पोत्यांतून येत. दादांचा एकुलता एक मुलगा पायदळात होता. त्याचा डावा पाय जन्मतः किंचित आखूड. भरतीच्या वेळी ते कोणाच्या ध्यानात आले नाही. परंतु कवायतीत लंगडला असता तर घरी पाठवला गेला असता. म्हणून तो रजेवर आला तेव्हा दादांनी त्याच्या डाव्या बुटात टाचेखाली चामड्याची पट्टी शिवून दिली. ते चामडे वहिनींनी आपल्या चामडी पिशवीचे कापून दिले होते.

आम्ही दोघे उतारवयात प्रौढवर्गाला जात होतो. एके दिवशी बाईंनी फळ्यावर ‘पायदळ’ लिहिले. दळ म्हणजे समूह. जे पायी चालून लढतात त्यांचा समूह ते पायदळ, असा अर्थ त्यांनी सांगितला.

“म्हणजे नावात नुसता पायच? माणूस नाही?” दादांनी विचारले.

“घोडदळात तरी कुठे आहे? तिथे घोडा,” बाई म्हणाल्या.

“बरोबर. त्यांना नाल लोहार ठोकतो, यांना मी. विचारत कोणालाच नाहीत!”

सारा वर्ग हसला.

त्याच आठवड्यात काळ्या दोरीने बांधलेले पोते आले. अशा पोत्यातील बुटांचे धनी परतत नाहीत, हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. हत्यार लावण्यापूर्वी बुटात हात घालून खिळा चाचपावा, अशी आमची रीत. दादांचा हात एका बुटात गेला आणि तेथेच राहिला.

“काय दादा, विंचू निघाला की काय?” मी थट्टेने विचारले.

“माझाच टाका आहे,” ते म्हणाले.

मुकादमाने त्यांना घरी जाण्यास सांगितले. ते गेले नाहीत. बूट दुसऱ्या कोणाच्या पायात जाणार होता. त्यांनी पट्टी उसवली, बुटाला नवा तळवा ठोकला, मगच पट्टी घेऊन उठले. मी त्यांच्यासोबत घरी गेलो.

वहिनींनी पट्टी ओळखली. “अहो, ही इथे कशी? हिच्यावाचून लंगडेल ना तो! आजच पाठवा.”

“आता त्याला चालायचं नाही गं.”

वहिनींनी पट्टी उलटून पाहिली. टाचेचा खळगा तिच्यात उमटलेला होता. त्यात त्यांनी अंगठा ठेवला, तो उचलला नाही.