अंगकोरच्या ओवरीत

कंबोडियाला निघायच्या चार दिवस आधी मी माहेरी जाऊन वडिलांना भेटून आले. उजनीच्या पाण्याकाठी आमचं गाव. आबांचा दमा वाढला होता, पाय सुजले होते. सहल रद्द करते म्हटलं तर चिडले. सोलापुरात चौतीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलास, आता निवृत्त झाल्यावर तरी चार गोष्टी डोळ्यांनी बघ, असं त्यांचं म्हणणं.

"जा की. मी कुटं पळून चाललोय?"

आम्ही बावीस जण होतो, बहुतेक निवृत्त शिक्षक. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगकोर वाटला पोचलो. तिथल्या ओवरीच्या लांबच लांब भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय. गाइड इंग्रजीतून सांगत होता आणि मी मागच्यांना मराठीतून. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"आबा गेलं," तो म्हणाला. "तुजी वाट बगायची का? सांग."

सहलीच्या मॅनेजरनं तिथूनच विमानांची चौकशी केली. कितीही धावपळ केली तरी गावी पोचायला तिसरा दिवस उजाडणार होता. एप्रिलचं ऊन. मीच दादाला म्हटलं, "थांबू नका."

दुपारी वहिनीनं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी ओवरीच्या पायरीवरच बसून होते. आमच्यात उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, ओळख जेमतेम तीन दिवसांची. त्यांनी छत्री उघडली, माझ्या आणि फोटो काढणाऱ्या गर्दीच्या मधे धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. आबांचा चेहरा दिसला. ओठांवर तुळशीचं पान, कपाळाला बुक्का. त्यांना उचललं तेव्हा वहिनीचा हात हलला, नुसतं आभाळ दिसलं आणि कॉल तुटला. पुन्हा लागला नाही.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. हॉटेलच्या खोलीत एकटीला बसवेना, म्हणून सकाळी सगळ्यांबरोबर निघाले. झाडांच्या मुळांनी वेढलेलं एक देऊळ होतं. कोणीतरी सगळ्यांना फोटोसाठी उभं केलं, "हसा" म्हणालं, आणि मी हसले.

घरी पोचले तेव्हा सावडणं उरकलं होतं. दादा पडवीत बसला होता. मी रडत जवळ गेले तर त्यानं फोन पुढे केला. कोणीतरी ग्रुपवर टाकलेला तो फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला होता.

"आबाला जाळून एक दिवस झाला नव्हता," तो म्हणाला, "आन् तू हसत हुतीस."

वर्गाच्या फोटोत इतकी वर्षं हसत आले, सवयीनं झालं, असं सांगता आलं असतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. त्या देवळात, त्या मुळांकडे बघताना घटकाभर मी आबांना विसरले होते. मला बरं वाटलं होतं. ते दादाला कसं सांगणार? मी डोळे पुसले आणि आत गेले.

तेराव्यानंतर दादानं मोटारसायकलवरून मला फाट्यापर्यंत सोडलं, एसटीत पिशवी चढवून दिली. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. भाऊबीजेला येतो, केळीच्या बागेचं बोलतो, जेवून जातो. तिकडे काय काय बघितलंस, असं मात्र माहेरचं कोणी अजून विचारलेलं नाही.