गोळी न घेणारी बाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आत्ताही सांगायला बसले आणि दोनदा उठून पाणी पिऊन आले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दारव्ह्यात साठीपुढच्या बायकांचा योगवर्ग घ्यायचे. पहाटे, समाजमंदिरात, सतरंज्या टाकून. वर्षामागून वर्ष कापूस बुडत होता, घराघरांत माणसं बोलेनाशी झाली होती. त्या तासाभरात मात्र बायका खिदळायच्या. आणि मी — अडुसष्टाव्या वर्षी कपाळ गुडघ्यांना टेकवणारी! सगळ्या बघत राहायच्या. ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

खोटं तर तिथंच बोलत होते. "मला एक गोळी लागत नाही," असं मी ऐटीत सांगायचे. बीपीची गोळी रोज घेत होते — मोहरीच्या डब्यात लपवून.

कमल पुढच्या रांगेत बसायची. कापूस वेचून वेचून वाकलेली तिची पाठ चार महिन्यांत सरळ झाली होती. एकदा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, मी बी बीपीची गोळी सोडून पाहू काय? तुमाले त लागतच नाही."

तेव्हा काय बोलायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतंय. वर्ग ऐकत होता. मी म्हणाले, "श्वासावर विश्वास ठेव."

अकराव्या दिवशी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? सून सुनीता रडत म्हणाली, "मी त रोज हातावर ठेवत होती." कुणाला पटलं नाही. पीक गेलं म्हणून हिनं सासूचं औषध आणणंच सोडलं, असं घरच्यांनी ठरवलं. वर्गातल्या बायकांनीही माझं नाव घेतलं नाही. नवऱ्यानं तिच्यावर हात उगारला. कमल माझ्याकडे बघत होती — एकटक. आणि मी? मी तिची चादर नीट करत राहिले.

सुनीताला माहेरी, फुलसावंगीला धाडलं. एकदा बाजाराच्या दिवशी ती माझ्याकडे आली. "बाई, तुमचं ऐकतात ते. तुमी एक डाव बोला न." बोलते, म्हणाले.

नाही बोलले.

कमल दीड वर्ष अंथरुणात होती. ती गेली तेव्हा सुनीताला तोंडही पाहू दिलं नाही. पुन्हा नांदायला ती आलीच नाही.

वर्ग मी पुढे सहा वर्षं घेतला.