देवाच्या वाट्याचा चीक

जिवतीच्या पठारावर गोकुळाबाईनं पन्नास वर्षं मेंढ्या राखल्या, पण शेजारच्या सुरेंद्रएवढा शिकलेला मूर्ख तिनं पाहिला नव्हता. त्याच्याकडे कोकरं जोखायला वजनकाटा होता, मोबाइलमध्ये तक्ता होता. पण पिल्लू पोटात मोठं झालं तर अडेल, म्हणून गाभण मेंढ्यांचा शेवटच्या महिन्यातला चारा त्यानं निम्मा केला होता. मग कोकरं उंदराएवढी जन्मत आणि आठवड्यात हगवणीनं मरत. सुरेंद्र मात्र काट्यातच खोट शोधी.

आज सकाळी त्याची आणखी एक मेंढी व्याली. सुरेंद्रनं पहिला पिवळा चीक वाटीत पिळला आणि तो देवाला वाहायला वारुळाकडे निघाला. मागे कोकरू थरथरत पडलं होतं.

गोकुळाबाईनं त्याच्या हातातली वाटी हिसकावली.

"काऊन रे, रोगाशी लढाची ताकद या चिकातच राह्यते. तुह्या देवाले हगवण लागली का?"

"देवाचा कोप होईल, बाई!"

तिनं कोकरू मांडीवर घेतलं आणि बोटानं त्याच्या तोंडात चीक सोडला.

"होऊ दे. देव उपाशी राह्यला तर धाड माह्या घरी, मी चहा पाजतो त्याले. या लेकराले चहा चालत नाई."